पॅटिस साडेसहाला संपतं: बिझनेस ॲनालिटिक्सच्या एका प्रकल्पाची पूर्ण हकिकत

बेकरीच्या बिलांमधून व्हेज पॅटिसची रोजची विक्री वेगळी काढली, तेव्हा रकाना असा दिसत होता: १२०, ११८, १२०, १२०, ११९, १२०, ११५, १२०. खाली स्क्रोल करत गेले तरी तेच. हे पाहून मला आनंद झाला. इतका स्थिर डेटा हाताला लागणं म्हणजे नशीबच, असं वाटलं. पुढचे तीन आठवडे मी त्या आनंदातच घालवले.

हा प्रकल्प एम.एस्सी. बिझनेस ॲनालिटिक्सच्या चौथ्या सत्रातला, जानेवारी ते एप्रिल २०२५ मधला. पुण्यात राहून शिकत होते. पदवी कॉमर्सची होती. पहिल्या सत्रात सांख्यिकी आणि एसक्यूएल, दुसऱ्यात रिग्रेशन (काही आकड्यांवरून दुसऱ्या आकड्याचा अंदाज बांधणं), लिनिअर प्रोग्रॅमिंग आणि पायथन, तिसऱ्यात मशीन लर्निंग आणि फोरकास्टिंग. चौथं सत्र पूर्ण प्रकल्पाला. वर्गातल्या बहुतेकांनी बँकेचा किंवा ई-कॉमर्सचा नेटवर मिळणारा डेटा घेतला. मला खऱ्या दुकानाचा हवा होता. आमच्या घराजवळच्या बेकरीचे मालक वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये बिलिंग मशीन बसवलं होतं आणि तेव्हापासूनचं प्रत्येक बिल, वेळेसकट, त्यात पडून होतं. पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना काका म्हणाले, "ने बाई. आम्ही कधी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही."

काकांचा प्रश्न साधा होता: रोज किती माल बनवायचा? पाव, टोस्ट, खारी, नानकटाई, केक, व्हेज पॅटिस, अंडा पॅटिस. त्यातलं पॅटिस मी मुख्य धरलं, कारण ते त्याच दिवशी खपावं लागतं. खारी डब्यात आठवडाभर राहते, उरलेल्या पावाचा टोस्ट होतो, पण रात्री उरलेलं पॅटिस सकाळी कोणी घेत नाही.

पहिलं मॉडेल

काम पुस्तकाप्रमाणे सुरू केलं. डेटा मायनिंगच्या प्रकल्पांसाठी क्रिस्प-डीएम नावाची सहा टप्प्यांची पद्धत आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवली होती: व्यवसाय समजून घेणं, डेटा समजून घेणं, डेटा तयार करणं, मॉडेल बांधणं, तपासणं, वापरात आणणं. पहिल्या टप्प्यावर मी एक दुपार दिली. काकांशी चहा पिता पिता बोलले, चार ओळी लिहून घेतल्या आणि तो टप्पा झाला असं धरलं.

मग तीन मॉडेलं बांधली. गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराची विक्री हाच अंदाज, हे सगळ्यात साधं. दुसरं प्रॉफेट, फेसबुकने २०१७ मध्ये खुलं केलेलं अंदाज बांधण्याचं सॉफ्टवेअर. तिसरं रँडम फॉरेस्ट, म्हणजे पुष्कळ निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारं मशीन लर्निंगचं मॉडेल. व्हेज पॅटिसच्या बाबतीत तिन्हींची सरासरी चूक सहा टक्क्यांच्या आत आली. रँडम फॉरेस्ट थोडं पुढे होतं. तक्ते केले, आलेख रंगवले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मार्गदर्शक मॅडमना दाखवायला गेले.

मॅडमनी आलेख पाहिले, मग लॅपटॉप स्वतःकडे वळवून मूळ रकाना उघडला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे काका किती वाजता 'संपलं' म्हणायला लागतात?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तो प्रश्नच मला सुचला नव्हता.

"तू जे शिकवलंयस मॉडेलला, ती त्यांची भट्टी आहे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक यात कुठे आहे?"

घरी येऊन प्रत्येक दिवसाचं शेवटचं पॅटिस किती वाजता विकलं गेलं ते काढलं. बिलात वेळ होतीच, मी ती पहिल्या दिवशी 'नको असलेला रकाना' म्हणून वगळली होती. बेकरी रात्री साडेनऊला बंद होते. दहापैकी सात दिवशी व्हेज पॅटिसचं शेवटचं बिल सातच्या आत होतं, पुष्कळदा साडेसहाच्या सुमारास. त्यानंतरचे अडीच-तीन तास डेटात पॅटिसचं नाव नाही. कारागीर रोज साठ-साठचे दोन ट्रे लावत होते. १२० हा आकडा तिथून आला होता. माझ्या मॉडेलची सहा टक्के चूक म्हणजे दोन ट्रे लावण्याच्या सवयीचा सहा टक्क्यांपर्यंत अचूक अंदाज. आणि मी तो अंदाज काकांना देऊन सांगणार होते की उद्या १२० करा.

विक्री आणि मागणी

विक्री म्हणजे मागणी नाही, हे वाक्य आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. माल संपला की विक्री थांबते. मागणी चालूच राहते, फक्त तिची नोंद होत नाही. सांख्यिकीत याला सेन्सर्ड डेटा म्हणतात. मोजमाप एका मर्यादेपाशी अडलं की पलीकडचं दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये अशाच अडलेल्या आकड्यांसाठी रिग्रेशनची पद्धत मांडली, ती टोबिट म्हणून ओळखली जाते आणि आमच्या अभ्यासक्रमात तिच्यावर एक पूर्ण तास होता. तरी रकाना समोर आल्यावर मला ती आठवली नाही.

यामागे शिकण्याच्या पद्धतीचा भाग आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तिसऱ्या सत्रात आम्ही विक्रीचा अंदाज बांधण्याच्या २०२० च्या एम-५ स्पर्धेचा डेटा वापरला होता: वॉलमार्टची दहा दुकानं, ३,०४९ वस्तू, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि विस्कॉन्सिन. त्यातही विक्रीच आहे. एखाद्या दिवशी शून्य दिसलं तर वस्तू कोणाला नको होती की शेल्फ रिकामं होतं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पण आमचं लक्ष चूक किती कमी करता येते याकडे होतं. चूक मोजायची ती त्याच विक्रीशी ताडून, त्यामुळे रिकाम्या शेल्फचा अचूक अंदाज करणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात. स्वच्छ डेटावर सराव करायलाच हवा, त्याशिवाय हात बसत नाही. पण दोन वर्षांत एकदा तरी विद्यार्थ्याने डेटा जिथे जन्मतो तिथे उभं राहायला हवं, आणि ते प्रकल्पाच्या आधी.

मी दोन संध्याकाळी काउंटरच्या आतल्या बाजूला वही घेऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी सहा चाळीसला पॅटिस संपलं. नंतर जो कोणी विचारेल त्याची एक रेघ. काहीच न घेता गेला तर रेघेवर फुली. साडेनऊपर्यंत २३ रेघा, सहा फुल्या. काउंटरवरचा दादा प्रत्येकाला एकच शब्द सांगायचा, "संपलं." मान वरही न करता, कारण हात पाव बांधण्यात गुंतलेले. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलाने काचेत पाहिलं, रिकामा ट्रे दिसल्यावर विचारलंच नाही, आजीचा हात ओढून बाहेर गेला. त्यांची रेघ कशी मारायची हे मला कळेना. न विचारताच परतणारी माणसं वहीतसुद्धा येत नाहीत. म्हणजे २३ हाही खरा आकडा नव्हे, खालची मर्यादा आहे.

काकांच्या मते मात्र रिकामा ट्रे ही शाबासकी होती. "उरलं नाही म्हणजे अंदाज बरोबर," हे त्यांचं चाळीस वर्षांचं मोजमाप. उरलेलं पॅटिस डोळ्यांना दिसतं, रात्री टाकताना टोचतं. परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही. हे त्यांना मी समजावू शकले नसते. वहीचं पान दाखवलं, तेव्हा त्यांनी रेघा स्वतः मोजल्या. दोनदा.

पेपरवाल्याचं गणित

किती बनवायचं याचं एक जुनं सूत्र आहे. सकाळी पेपरवाल्याने किती प्रती उचलायच्या, या उदाहरणावरून ते ओळखलं जातं. त्याचं मूळ १८८८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी बँकेने किती रोकड ठेवावी यावर केलेल्या विचारात आहे. दोन आकडे लागतात. एक कमी पडलं तर किती गमावतो, एक उरलं तर किती गमावतो. बेकरीचे आकडे गोल करून सांगते. पॅटिस २५ रुपयांना, साहित्य आणि गॅस मिळून खर्च १० रुपये. कमी पडलं तर १५ गेले, उरलं तर १० गेले. १५ भागिले २५ म्हणजे ०.६. याचा अर्थ, शंभरातल्या साठ दिवसांची मागणी पुरी होईल इतकं बनवा आणि उरलेल्या चाळीस दिवशी कमी पडू द्या. काका दहापैकी तीनच दिवस मागणी पुरी करत होते. फुली मारलेली माणसं पावही न घेता गेली, तो तोटा धरला तर ०.६ आणखी वर जातो.

पण साठ दिवसांची मागणी किती, हे कळायला मागणी माहीत हवी, आणि गाडी पुन्हा तिथेच अडली. म्हणून ज्या दिवशी पॅटिस संपलं नव्हतं ते दिवस वेगळे काढले आणि दिवसभराच्या विक्रीतली किती विक्री कोणत्या तासापर्यंत होते ते पाहिलं. संध्याकाळी सातपर्यंत साधारण ८० टक्के. मग सातला १२० संपले असतील तर दिवसाची मागणी १२० भागिले ०.८, म्हणजे १५०.

हे घेऊन पुन्हा मॅडमकडे गेले. त्यांनी एकच विचारलं: न संपलेले दिवस कोणते होते? यादी काढली. धो धो पावसाचे दिवस, संकष्टी, लागून सुट्ट्या आल्या की गावाला जाणाऱ्यांचे दिवस. म्हणजे मंदीच्या दिवसांची चाल मी तेजीच्या दिवसांना लावत होते. पावसाच्या दिवशी लोक संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. तेव्हा सातपर्यंत ८० टक्के होत असतील, एरवीच्या शनिवारी कदाचित ७० च होत असतील. जुन्या डेटात याचं उत्तर असणं शक्यच नव्हतं. ते दिवस घडलेच नव्हते. घडवावे लागणार होते.

सहा दिवस

काकांना विचारलं, काही दिवस ४० पॅटिस जास्त लावाल का? ते सरळ नाही म्हणाले. मग मी हिशोब मांडला: एकही खपलं नाही तर दिवसाला ४०० रुपये, सहा दिवसांचे २,४००. तेवढे मी भरते म्हटलं. त्याचा त्यांना राग आला. "पोरीकडून पैसे घेऊ का मी?" आणि तयार झाले.

दिवस निवडताना जपावं लागलं. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती, १९ ला शिवजयंती. दोन्ही टाळून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे दोन आठवडे घेतले: १८, २०, २२, २५, २७ फेब्रुवारी आणि १ मार्च. रोज १६० पॅटिस. खपले ते असे: १४१, १४८, १६०, १३७, १२९, १६०. दोन्ही शनिवारी १६० सुद्धा पुरले नाहीत. पहिल्या शनिवारी आठ चाळीसला, दुसऱ्या शनिवारी सव्वाआठला संपले. जादा २४० पैकी १५५ गेले, ८५ उरले. १५५ गुणिले १५ म्हणजे २,३२५ ची कमाई, ८५० चं नुकसान, निव्वळ १,४७५ रुपये. मधल्या वारांना सरासरी १३९ खपले, म्हणजे माझा १५० चा अंदाज तिथे जास्त होता. शनिवारचा खरा आकडा अजूनही अडलेलाच राहिला.

सहा दिवसांवरून फार बोलू नये, हे सांख्यिकीच्या पहिल्या पुस्तकात असतं आणि मी ते अहवालात ठळक लिहिलं. पण २०२२ पासूनच्या सगळ्या बिलांनी जे सांगितलं नव्हतं ते या सहा दिवसांनी सांगितलं.

उस्तादांची गोष्ट

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग मात्र माझ्या हिशोबातून आला नाही. दुसऱ्या गुरुवारी रात्री ३१ पॅटिस उरले आणि मी भट्टीपाशी जरा ओशाळून उभी होते. भट्टीवरच्या उस्तादांनी विचारलं, सगळे सकाळीच का भाजायला लावता? त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. घड्या घालून लाटलेल्या मैद्याच्या पट्ट्या एकावर एक, मध्ये प्लास्टिकचा कागद. पट्टी थंड राहते, बटाट्याचं सारण तयार असतं. भरून भाजायला पाऊण तास पुरतो. आणि नाही लागली पट्टी, तर तीच कापून सकाळी खारी होते. खारीला आणि पॅटिसला मैदा एकच.

मी तिथेच एका पिंपावर बसले. पेपरवाल्याचं सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: निर्णय सकाळी एकदाच, नंतर बदलता येत नाही. पेपरवाल्याच्या बाबतीत ते खरं आहे. बेकरीत नव्हतं. उरलेल्या पॅटिसचे दहा रुपये जातात. उरलेल्या पट्टीचं काहीच जात नाही. मग दिवसाचा अंदाज सकाळी कशाला करायचा? साडेपाचपर्यंत किती खपले ते पाहून ठरवता येतं.

सहा दिवसांच्या नोंदींत साडेपाचपर्यंत सुमारे ६० टक्के विक्री झालेली होती. म्हणून नियम असा निघाला: सकाळी नेहमीचे १२०. साडेपाचला ८५ च्या वर खपले असतील तर वीस भाजा, ९५ च्या वर असतील तर चाळीस, ८५ किंवा कमी असतील तर काही नको. तीन ओळी, मोठ्या अक्षरात छापून भट्टीच्या भिंतीवर चिकटवल्या. रँडम फॉरेस्टची गरजच उरली नाही.

पेपरवाल्याचं सूत्र मला परीक्षेत पूर्ण गुण देऊन गेलं होतं. त्यातलं गृहीतक मी पाठही केलं होतं. ते खरं आहे का, हे ज्यांना माहीत होतं ते रोज वीस फुटांवर उभे होते, आणि माझ्या पहिल्या दुपारच्या चार ओळींमध्ये त्यांच्याशी बोलणं नव्हतं.

भारतात बिझनेस ॲनालिटिक्सचे जे अभ्यासक्रम निघाले, त्यांतला २०१५ चा पीजीडीबीए हा पदव्युत्तर डिप्लोमा आयआयएम कोलकाता, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि आयआयटी खरगपूर या तिघांनी मिळून काढला. व्यवसाय, सांख्यिकी, तंत्र असे तीन पाय. तो मी केलेला नाही, पण ती मांडणी मला पटते. माझ्या प्रकल्पात पहिला पाय लंगडा होता आणि बाकी दोन कितीही मजबूत केले तरी चालणं जमत नव्हतं.

अंडा पॅटिस आणि पंचांग

अंडा पॅटिसचं दुखणं वेगळं होतं. ते कमी खपतं, त्यामुळे सहसा संपत नाही आणि मागणी डेटात बऱ्यापैकी दिसते. तरी प्रॉफेटची चूक जुलै ते सप्टेंबर भयंकर यायची. वर्षभराचा चढउतार ते इंग्रजी तारखांवर शोधतं. आमच्याकडे अंडं बंद होतं ते श्रावणात, आणि श्रावण तारखेला बांधलेला नाही. २०२२ मध्ये तो २९ जुलैला लागला, २०२४ मध्ये ५ ऑगस्टला. २०२३ मध्ये तर अधिक श्रावण आला: १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, १७ ऑगस्टपासून निज. आमच्या डेटात अधिक महिन्यात विक्री थोडी उतरली आणि निज श्रावण लागल्यावर पुरती बसली. काही घरं दोन्ही महिने पाळतात, पुष्कळ घरं निजच. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. तीन वर्षांत एकोणीस दिवसांचं अंतर. तारखेवर शिकणारं मॉडेल यात गोंधळणारच.

आईने कालनिर्णयाची जुनी पानं जपून ठेवली होती. तिच्यासोबत बसून प्रत्येक दिवसापुढे मराठी महिना, अधिक की निज, संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार असे रकाने भरले. दोन रात्री लागल्या. पानांच्या मागे दुधाचा हिशोब होता, तो ती वाचत बसायची. चूक निम्म्याहून खाली आली. नवं मॉडेल नव्हतं. तेच, फक्त त्याला दिनदर्शिका मिळाली. २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती आणि त्या दिवशी बेकरी अर्धा दिवसच उघडी होती, कारण कारागीर सुट्टीवर. हे डेटात नुसतं कमी विक्री म्हणून दिसतं. त्यामागचं एक कारण आईला माहीत होतं, दुसरं काकांना.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, शेवटी मॉडेल कोणतं वापरलं? व्हेज पॅटिसला कोणतंच नाही, म्हटलं, आणि भिंतीवरच्या कागदाचा फोटो दाखवला. त्यांना तो पुरेसा वाटला नाही आणि गुण माझ्या अपेक्षेपेक्षा कमी पडले. त्यांचाही मुद्दा होता: दुसरी भट्टी साडेपाचला पेटवण्याचा गॅस मी हिशोबात वेगळा धरला नव्हता. तो धरल्यावर वीस पॅटिससाठी भट्टी पेटवणं मधल्या वारी जेमतेम परवडतं. काकांनी ते स्वतःच ओळखलं होतं. मंगळवारी, गुरुवारी ते वीसची ओळ पाळतच नाहीत, फक्त चाळीसची पाळतात.

एक गोष्ट त्यांनी आपणहून चालू ठेवली. काउंटरच्या खिळ्याला दोऱ्याने वही टांगलेली आहे: तारीख, कधी संपलं, नंतर किती जणांनी विचारलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, १७ मे ते १५ जून, आणि पुढचं सगळं लांबतं. गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. माझ्या डेटात अधिक महिना एकच आहे आणि तोही श्रावणातला, त्यामुळे ज्येष्ठ अधिक आला की लोक काय करतात हे मॉडेलला ठाऊक नाही. आईच्या मते अंड्यावर काही फरक पडणार नाही. काकांच्या मते पडेल. दोघांचे अंदाज मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.